बँकॉकला गेले अन् झोपले!

ऐकलंत का, मारेगावात सध्या काय गाजतंय ते? कापसाचा भाव नाही, नगरपंचायतही नाही. बँकॉक! आणि तुमच्या मनात आलं ते बँकॉक नव्हे हो. बियाणं-औषधांच्या कंपन्या टार्गेट गाठणाऱ्या कृषी केंद्रवाल्यांना तिकडे फिरवून आणू लागल्या, तेव्हाच ती चर्चा करून झाली. पानटपरीवर डोळे मिचकावून झाले, घरी ‘कंपनीची मीटिंग हाये’ सांगून झालं. आता वहिनीच सोबत जातात, त्यामुळे त्या विषयाची चवच गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला आणि मग मास्तर, ठेकेदार, सोसायटीचे माजी संचालक सगळेच निघाले. नवं प्रकरण मात्र त्याहून भयंकर आहे. ही माणसं तिथं पोहोचतात आणि पहिल्या दिवशी काही पाहतच नाहीत!

“मंग करतेत काय?”

“आराम करतेत म्हने.”

“एवढे पैसे भरून? घरी खाट नोती काय?”

सवाल बिनतोड आहे. आपल्याकडे सहलीचं एक शास्त्र आहे. पहाटे तीनला आंघोळी, चारला गाडी, सोबत आचारी आणि पुरीभाजीचं पातेलं. अष्टविनायक करायचे तर दोन दिवसांत आठही झाले पाहिजेत, तिसरा दिवस लागला की टूरवाल्याची अब्रू गेली. परतल्यावर आठ दिवस कंबर धरून बसलं म्हणजे पैसे वसूल. आणि इथे एका घरी पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने आईवडिलांना कागदावर लिहून दिलं, ‘दिवस पहिला : निवांत’. तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवरून इतका फिरलाय की आता मारेगावातून जाणारा प्रत्येक जण पहिला दिवस निवांतच घालवतो. न घालवला तर लोक अडाणी म्हणतील, ही भीती!

आता त्या कागदात काय आहे ते बघा. रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी सुवर्णभूमी विमानतळावर उतरायचं. घड्याळ दीड तास पुढे करायचं. हॉटेलची खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही, म्हणून बॅगा खाली ठेवून सावकाश नाश्ता करायचा. हा नाश्ता दीड तास चालतो म्हणे! आमच्या चौकात तेवढ्या वेळात तर्रीपोह्याचं अख्खं पातेलं उठतं. मग चाओ फ्राया नदीतली साधी प्रवासी बोट पकडायची, ती दहा-वीस बाटांत नेते, आणि ‘वाट फो’ या एकाच देवळात जायचं. एकाच! तिथला बुद्ध तरी कसा, तर ४६ मीटर लांब, सोन्याने मढवलेला आणि चक्क आडवा. तळपायांवर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हं. भिंतीलगत १०८ कांस्यपात्रं, त्यांत नाणी टाकत जायचं. टणटण आवाज होतो, पुण्य मिळतं. एक काकू म्हणाल्या, “पाहा, तिथला देवच झोपला हाये, मंग भक्तायनं काय करावं?” या युक्तिवादापुढे कोण बोलणार!

खरी खळबळ पुढच्या ओळीवर उडाली : ‘देवळातच मसाज’. शिव शिव! कागद हातात धरून दोघांनी चष्मे पुसले. पण गोष्ट खरी आहे. वाट फो ही थाई मसाजची नामांकित पाठशाळा. ‘तिसरा राम’ या थाई राजाच्या काळात वैद्यकाचं ज्ञान तिथं शिलालेखांत कोरून ठेवलं गेलं, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने थाई मसाजला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे ज्या शब्दाने आजवर घरोघरी भांडणं झाली, तो वारसा निघाला. कृषी केंद्रवाल्या भाऊंनी हे वाचून जो सुस्कारा सोडला, तो पार वणीपर्यंत ऐकू गेला असेल.

मग खोलीवर झोप. संध्याकाळी नदीकाठी बसून पलीकडच्या ‘वाट अरुण’कडे बघायचं, नुसतं बघायचं. फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी सजवलेलं हे देऊळ. (आमच्याकडे कपबशी फुटली की सून बोलणी खाते.) होडीने पलीकडे जायला पाच बाट पुरतात, तरी ‘उद्या जाऊ’ असं लिहिलंय. ज्यांना एवढंही झेपत नाही त्यांच्यासाठी लुंपिनी बाग सुचवली आहे. तिथं तळ्याकाठी माणसाएवढ्या घोरपडी खुशाल उन्हं खात पडलेल्या असतात. इकडे एक दिसली तर सर्पमित्राला फोन आणि निम्मा मोहल्ला गोळा!

मी आपली उगीच नाक मुरडतेय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कारण कागद लिहिणारी पोर भलती हुशार आहे. राजवाडा तिने मुद्दाम दुसऱ्या सकाळी ठेवलाय. तो साडेआठला उघडतो, साडेतीनला तिकीट बंद. परदेशी माणसाला ५०० बाट मोजावे लागतात, म्हणजे हजारावर रुपये. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आवारातल्या भिंतीवर थाई रामायणाची १७८ चित्रं आहेत. अर्धवट झोपेत ती बघायची म्हणजे राम कुठला नि रावण कुठला तेही कळायचं नाही. शिवाय दाराबाहेर नीटनेटक्या कपड्यांतला एक गृहस्थ भेटतो. “आज राजवाडा बंद आहे” असं गोड सांगून तो स्वस्तात टुकटुकमध्ये बसवतो, आणि टुकटुक थांबतं थेट रत्नांच्या दुकानात. पेंगुळलेलं, घाईतलं गिऱ्हाईक त्याला बरोब्बर ओळखू येतं. यवतमाळच्या ४५ अंशांची फुशारकीही तिकडे चालत नाही. आपलं ऊन कोरडं, तिकडचं घामाने निथळवणारं.

पण हे सगळं पटलं तरी उघड कबूल कोण करणार? चर्चा बंद पडेल ना! उलट ती आता घराघरांत शिरली आहे. परवा एका आजींनी माहूरच्या यात्रेआधीच जाहीर केलं, “पहिला दिवस निवांत. रेनुका, दत्तशिखर, अनसूया सारं दुसऱ्या दिवशी.” मुलगा हात जोडून म्हणाला, “आई, भक्तनिवासाची खोली एकाच दिवसाची भेटली हाये वो.”

“मंग दोन दिवसाची घे,” आजी म्हणाल्या, “बँकॉकले कशी भेटली रे तुले?”