तीन किलोचं पिल्लू, तेहेतीस किलोचा पिंजरा

(जालन्यात मंठा चौफुलीजवळचं एक फॅब्रिकेशनचं दुकान. दारात खिडक्यांच्या अर्धवट जाळ्या, ट्रॉलीचा सांगाडा आणि पंखा काढलेलं पत्र्याचं जुनं कूलर. मिस्त्री उकिडवे बसून खडूनं फरशीवर माप काढतायत. शाळेतले एक सर मोबाइलवरचा फोटो पुढं धरून उभे.)

मिस्त्री : कोंबड्या किती?

सर : कोंबड्या नाहीत हो. कुत्र्याचं पिल्लू आहे, दोन महिन्यांचं.

मिस्त्री : चावतं का?

सर : चपला चावतं. परवा आईची जपमाळ चावली.

मिस्त्री : मग जपमाळ वर टांगा. पिंजरा कामून?

सर : सवयीसाठी. सध्या घरभर कुठंही करतं. कुत्रं झोपायच्या जागी शक्यतो घाण करत नाही, म्हणून त्याला त्याची अशी जागा द्यायची. जनावरांच्या डॉक्टरांनीच सांगितलंय.

मिस्त्री : जात कोणती?

सर : गावठी. शाळेच्या टाकीखाली सापडलं. मुलीनं दप्तरात घालून आणलं.

मिस्त्री : (खडू कानावर ठेवत) सर, आमच्या जालन्याला सोन्याचा पाळणा म्हणतात. तुम्ही लोखंडाचा करून घ्यायलेत, काही हरकत नाही. माप सांगा.

सर : त्याला उभं राहता यावं, गोल फिरता यावं, पाय पसरून झोपता यावं. बास. त्याहून मोठा नको.

मिस्त्री : असं कुठं असतं? वाढतं अंग हाये. तीन बाय दोन करू, उंची सव्वादोन. एकदाच काय तो खर्च.

सर : मोठा झाला की ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन करतं.

मिस्त्री : अटॅच बाथरूम झालं म्हणा की!

सर : तेच नकोय. बाहेरून मोठाच करा, पण आत एक जाळी टाका. ती मागं सरकली पाहिजे. पिल्लू वाढेल तशी जागा वाढवत न्यायची.

मिस्त्री : पार्टिशन आणि सरकतं? पार्टिशन एकदा टाकलं की टाकलं. १ मे १९८१ ला आपला जिल्हा औरंगाबादेतून वेगळा काढला, तो काय सरकला का?

सर : सरकला की! परतूर आधी परभणीत होतं.

मिस्त्री : (जरा थांबून) बरं, खाचा ठेवतो. सळई आठ एमएमची घालतो. आपल्याच गावची, भंगार वितळवून ओतलेली. स्लॅबला जाते ही.

सर : त्याच्यावर मजला चढवायचा नाहीये, मिस्त्री. आठचा वर्ग चौसष्ट, भागिले १६२. मीटरला ३९५ ग्रॅम. सगळ्या बाजू, जाळी आणि अँगलची चौकट धरली तर...

मिस्त्री : गणिताचे सर का?

सर : ...तेहेतीस किलो! पिल्लू तीन किलोचं आहे. सहा एमएमची घाला. छत्तीस भागिले १६२, मीटरला २२२ ग्रॅम.

मिस्त्री : किलोवर पैसे घेणाऱ्यापुढं असा हिशोब करू नये, सर. बरं, सहाची. दोन सळयांत अंतर चार इंच?

सर : चार इंचांतून डोकं बाहेर काढेल आणि मान अडकेल. दोनच्या आत. टोकं घासून घ्या. आणि रंग पूर्ण वाळल्याशिवाय, वास गेल्याशिवाय मी नेणार नाही. ते सगळं चाटतं.

मिस्त्री : लग्नाच्या कपाटाला कोणी एवढ्या अटी घालत नाही. ठेवणार कुठं? गच्चीवर ना?

सर : मे महिन्यात इथं पारा ४२ च्या पुढं जातो. गच्चीवर लोखंडाचा तवा होईल. आमच्या बसायच्या खोलीत, पंख्याखाली. त्याला माणसं दिसली पाहिजेत. रात्री आमच्या खाटेजवळ.

मिस्त्री : मग खाली चाकं लावतो. चाकांना लॉक. तळाला ओढून काढायचा पत्र्याचा ट्रे. आता मुद्द्याचं, दाराला कड्या किती?

सर : दोन. वर एक, खाली एक. पण पहिले काही दिवस दार उघडंच ठेवायचं.

मिस्त्री : उघडंच ठेवायचं, तर दोन कड्या कशाला?

सर : आधी त्यानं आपल्या मनानं आत जावं. जेवणाची वाटी आत ठेवायची. गेलं की शाबासकी. मग दार मिनिटभर लावायचं, मग पाच मिनिटं. डांबायचं नाही. आणि शिक्षा म्हणून तर कधीच नाही.

मिस्त्री : तुमच्या शाळेत असंच हाये का?

सर : (ऐकू न आल्यासारखं करत) दिवसा किती वेळ बंद ठेवायचं, तर जितके महिने तितके तास, अधिक एक. याला जास्तीत जास्त तीन, खरं तर कमीच.

मिस्त्री : म्हंजे दोन वर्षांचं झालं की पंचवीस तास? दिवस पुरायचा नाही, सर.

सर : मोठ्या कुत्र्यालाही दिवसा सलग चार-पाच तासांवर नको. नियम पिल्लापुरता.

मिस्त्री : आता ते कूलर बघा.

(कूलरच्या रिकाम्या पेटीत एक तांबडं गावठी कुत्रं वेटोळं करून झोपलेलं. त्याखाली सिमेंटची रिकामी गोणी.)

सर : तुमचं?

मिस्त्री : गल्लीचं. स्वतःच गेलं आत. तीन बाजू बंद, एक उघडी. ग्राइंडर लावला तरी उठत नाही. पेटीत मुतत नाही, समोरच्या विजेच्या खांबाला जातं. दुसरं कुत्रं वाकून बघायला आलं की गुरगुरतं. याला कोणता डॉक्टर हाये?

सर : अहो, हेच तर! कुत्र्याला आडोसा लागतोच. म्हणून तर आम्हीही वरून चादर टाकणार आहोत.

मिस्त्री : मग चादर एका खुर्चीवर टाका ना. लोखंड कशाला?

सर : खुर्ची खाल्ली त्यानं.

(सरांचा फोन वाजतो.)

सर : हां, आई... रडतंय? आता कुठं टोपलीखाली... काढ टोपली! असं कोंडायचं नसतं. ... नाही, चपाती-दूध नको, रात्रीचं खाणं पुढं आहे. ... दिलं? (फोन हातात खाली धरत) मिस्त्री, खरी अडचण ही आहे. त्यानं रात्री कुंई केलं रे केलं, की आई उठते, बाहेर काढते, मांडीवर घेते. आता त्याला कळलंय, कुंई म्हंजे मांडी.

मिस्त्री : मग रडू द्यायचं?

सर : लघवीला लागलं असेल तर उचलून बाहेर न्यायचं, झालं की गुपचूप परत आत. खेळ नाही, गप्पा नाही. लाडाचं रडणं असेल तर थांबू द्यायचं आणि गप्प झाल्यावर दार उघडायचं.

मिस्त्री : लाडाचं कोणतं, लघवीचं कोणतं, कसं कळणार?

सर : शेवटचं कधी नेलं होतं, त्यावरून. उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर लगेच न्यायचं असतं. आईला हे सगळं वहीत लिहून दिलंय. वही पिल्लानं खाल्ली.

मिस्त्री : तुमच्या कड्यांचं काम आता ध्यानात आलं. पिल्लाला कडी उघडता येत नाही. कडी हाये ती आजींसाठी.

सर : कुलूप लावलं तर?

मिस्त्री : तुमच्या घरातल्या किल्ल्या कोणाच्या कमरेला?

सर : आईच्या.

मिस्त्री : मग सर, सरळ असं करू. पिंजरा राहू द्या. ही आठ एमएमची जाळी आजींच्या खोलीच्या दाराला बसवू, रात्री दहा ते सकाळी सहा.

(फोनमधून आवाज येतो. सर दचकून फोन कानाला लावतात.)

सर : आई, तू अजून लाइनवरच... तसं नाही गं, ते गमतीनं... कोणाला? बरं. (फोन पुढं करत) तुम्हाला मागतेय.

मिस्त्री : (उठून उभे राहत) हां, आजी. ... नाही, आजी. ... बरोबर हाये. ... हो, लेकरूच ते. ... किती? ... बरं. ... हो, तेवढं करतो. रंग तुम्ही म्हणाल तो. (फोन परत देतात, खडूनं जुनं माप पुसतात.)

सर : काय म्हणाली?

मिस्त्री : पाच बाय चार. आत पाट मांडून जपाला बसणार हायेत.