अकरा आणि बारा

इटियाडोहच्या जलाशयाची पातळी काल किती होती, आज किती आहे? एकातून एक वजा करा, पाणी किती उतरलं ते कळतं. हा हिशेब उघडाच हवा. गाढवी नदीवरच्या या धरणाचं पाणी पार गडचिरोलीकडच्या धानापर्यंत जातं. खालच्या शेतकऱ्याला ते विचारायचा हक्क आहे.

रक्ताचा हिशेब असा उघड्यावर टाकता येत नाही.

या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. तपासणी हवीच. पण समजा, धरणाकाठच्या एका टोल्याबद्दल कुणी विचारलं, वाहक किती? अकरा. महिन्यानं पुन्हा विचारलं. बारा. मधल्या काळात तपासणी झाली ती एका नव्या सुनेचीच. नाव कुणी घेतलं नाही, घ्यायची गरजही उरली नाही. तिकडे माहेरी तिच्या धाकट्या बहिणीची सोयरीक अडते. वाहकाला सहसा त्रास नसतो. धोका असतो तो आईबाप दोघेही वाहक असले तर लेकराला. एवढं ऐकून घ्यायला पाहुणे थांबत नाहीत.

‘नावं काढली आहेत’ हे उत्तर मला मान्य नाही. ‘पाचाखालचा आकडा झाकतो’ हेही पुरेसं नाही. एकूण बारा आणि पुरुष नऊ छापलेत, तर बायका तीन हे शाळकरी पोरही सांगेल.

२००६ साली सिंथिया ड्वॉर्क आणि सहकाऱ्यांनी एक रीत मांडली. प्रत्येक उत्तरात चिठ्ठी काढल्यासारखा थोडा कमीजास्तपणा मिसळायचा; एखादा माणूस यादीत आहे की नाही, हे उत्तरावरून ठरवता येऊ नये. तोच प्रश्न शंभरदा विचारून सरासरी काढली तर हा फरक धुऊन जातो, म्हणून उत्तरांनाही मर्यादा लागते. अमेरिकेनं २०२०च्या जनगणनेत ही रीत वापरली.

बारांत दोन-तीनचा फरक पडला तर आकडा कामाचा राहत नाही, हा आक्षेप खरा आहे. मग टोल्याचा आकडा देऊच नका. धरण ज्यात येतं त्या अर्जुनी मोरगाव तालुक्याचा द्या. समुपदेशनाची सोय किती लागेल ते त्यावरून ठरतं. नावांची यादी सल्ला देणाऱ्या सिस्टरकडे आणि डॉक्टरकडे राहू द्या. याउपर कुणाला टोल्याचाच आकडा हवा असेल, तर त्यानं कारण लिहून द्यावं आणि खाली सही करावी.