पंचनामेवाले बापू

तलाठी निवृत्त होतो, त्याचं दप्तर होत नाही. आमच्या तामलवाडीचे बापू बघा. या माणसानं उभी नोकरी दुसऱ्यांच्या पडझडीचे पंचनामे करण्यात घालवली. गारपिटीनं झोडपलेला द्राक्षबाग, वीज पडून दगावलेली म्हैस, पावसानं बसलेली भिंत, सगळं त्यांच्या वहीत. निवृत्तीनंतर वही रिकामी राहायला लागली, तेव्हा त्यांनी फंडाच्या पैशातून स्वतःची एक पडझड विकत घेतली.

ती म्हणजे शाळेची पोरं वाहून थकलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. 2021 साली राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हाचं पेपरातलं कात्रण बापूंनी जपून ठेवलं होतं. गाडीतच बिछाना, गाडीतच शेगडी, लॉजवाल्याची मिजास नको. अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर करत काकूंना घेऊन गोव्यापर्यंत जायचं. अशा गाडीसाठी एआयएस-124 नावाचं मानक आहे, आरटीओची मंजुरी लागते, हे बापूंना तोंडपाठ. मंजुरीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिलाय. अजून ते तो तपासतायत.

आतलं काम मात्र ओळखीच्या सुताराला दिलं. त्यानं गाडीत स्वयंपाकघर केलं तसंच, जसं घरात करतात. आयएस 710 चा मरीन प्लाय महाग पडतो म्हणून साधा कमर्शियल, वरनं नारिंगी सनमायका. टपावर सामानाचा कॅरियर पाहिजे म्हणून पत्र्याला भोकं पाडून बोल्ट आवळले.

पहिल्या पावसात बिछान्याच्या उशाशी थेंब पडला. दुसरा कुणी असता तर शिडी लावून टपावर चढला असता. बापूंनी वही काढली.

‘पूर्वेस खिडकी, पश्चिमेस शेगडी, दक्षिणेस चपलांचे खोके, उत्तरेस सौ. यांची पिशवी. सदर चतुःसीमेतील गादी समक्ष पाहता ओली दिसून आली. पंचनामा वाचून दाखवला, तो बरोबर आहे.’ खाली दोन पंचांच्या सह्या. एक गिरणीवाल्याची, एक माझी. मी चहाला गेलो होतो.

बापूंचा कारभार चोख. मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला तरच ती अतिवृष्टी, आणि पिकाचं नुकसान 33 टक्क्यांच्या आत असेल तर मदत नाही, हे सरकारचे दोन्ही निकष त्यांनी ट्रॅव्हलरला जसेच्या तसे लावलेत. अंगणात प्लास्टिकच्या डब्याला खुणा करून पर्जन्यमापक बसवलाय. गादी पिळून निघाली तरी डब्यात चाळीसच भरले की बापू म्हणतात, “बसत नाही.” बसलं तर मदत मंजूर. मदत म्हणजे एम-सीलची एक पुडी.

“आवो, एक भोक बुजवायला टक्के काय मोजूलालाव?” काकू एकदा वैतागल्या.

“नियम सगळ्यांला सारखा. घरच्याला येगळा लावला की बोंब होती.”

एम-सील लावतानाचे बापू बघण्यासारखे असतात. चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही गोळे असे मळतात की रंगाची एक रेघ उरत नाही. मग तो गोळा थेंब जिथं पडतो तिथंच, आतल्या बाजूनं, अंगठ्यानं दाबून बसवतात. पाणी शिरतं वर बोल्टापाशी. तिथून ते छताच्या चॅनलमधून वाट काढत उताराला जातं आणि सापडेल त्या फटीतून खाली उतरतं. शिवाय एम-सील वाळलं की दगड. गाडीचा सांगाडा प्रत्येक स्पीडब्रेकरला पिळवटतो, दगडाला तडा जातो. सिलिकॉनही मारून झालं, पण जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. त्यामुळे पुढच्या पावसात थेंब वीतभर सरकतो. बापू शांतपणे फेरफार घेतात. माझ्या माहितीत थेंबाची मालकी अशी रीतसर बदलणारा दुसरा माणूस नाही.

विमा कंपनीलाही त्यांनी सगळं दप्तर धाडलं. गाडी पुरात बुडाली तर विचार करता येईल, हळूहळू गळून सडली तर ती झीज, ती पॉलिसीत बसत नाही, असं उत्तर आलं. बापू दिवसभर खूश. “बघा, कलम लिहून नाकारलंय. माणूस कामाचा हाय.”

2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडं पाण्यानं मातीसकट रानं खरवडून नेली, जिल्हाभर पंचनामे सुरू झाले. त्या दिवसांत बापूंनी गाडीचं नाव काढलं नाही. अर्ज कसा लिहायचा ते विचारायला माणसं यायची आणि बापू ओट्यावर बसून रात्री उशिरापर्यंत लिहून द्यायचे. कुणाचा टक्का मोजला नाही. सगळं ओसरल्यावर ट्रॅव्हलरचं दार उघडलं, तर शेगडीखालच्या कप्प्यात भूछत्रं उगवलेली. बापू वाकून बघत म्हणाले, “ई-पीक पाहणीत हे कशाखाली दाखवायचं?”

पुढं आश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून अनवाणी माणसांची रांग तुळजापूरला निघाली. त्यातला एक बॉडी-मिस्त्री ट्रॅव्हलरच्या सावलीला टेकला. सवयीनं त्यानं आतल्या प्लायवर बोटाची पेरं वाजवली. आवाज भदभद आला. अंगठा दाबला, तो सनमायक्यासकट आत गेला.

“काका, भोक वर हाय. तुम्ही खाली काय करूलालाव?”

मग त्यानं पाणी पिता पिता सगळं सांगितलं. कॅरियर उतरवा. जुनं चिकट सगळं खरवडा. गंज चकचकीत पत्रा दिसेस्तोवर घासा, रेड ऑक्साईड मारा, वर पीयू सीलंट भरा, ते वाळूनही रबरासारखं लवतं. सडका प्लाय कापून फेका, भिजलेलं ग्लासवूल तर आधी फेका, ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतनं खातं. शेवटी नळी धरून पाणी मारा, खालून सुरू करत वर जा, आणि एक माणूस बॅटरी घेऊन आत बसवा. जिथं पहिल्यांदा ओल दिसेल, तिथं बाहेर नळी कुठं होती ते बघा.

बापूंनी शब्द न् शब्द उतरवून घेतला, वाचून दाखवला आणि वही पुढं केली. “सही करा.”

मिस्त्री आई राजा उदो उदो म्हणत उठला आणि चालायला लागला. सहीविना अहवाल ग्राह्य धरता येत नाही, म्हणून टपावर अजून कुणी चढलेलं नाही.

तेव्हा सोलापूरहून तुळजापूरला जाताना आभाळ भरून आलं असेल, तर तामलवाडीला टोल भरा आणि सरळ पुढं निघा, चहाला थांबू नका. गिरणीवाल्यानं आता सही करायचं बंद केलंय, आणि बापूंना एक पंच कमी पडतोय.