थंडीची तारीख काढण्याची निफाडी पद्धत

थंड देशांत बागेचं सगळं गणित दोन तारखांवर चालतं : शेवटचं दव कधी गोठतं आणि पहिलं कधी. नाशिक जिल्ह्यात, त्यातही निफाडला, दव गोठवणारी थंडी कधीमधी येते. पण आधी कळवून येत नाही. सबब द्राक्षबागायतदाराने पुढील क्रमाने नियोजन करावे.

१. प्रथम संकट निवडावे. गोड्या (फळांसाठीच्या) छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने लागतात. छाटणी सप्टेंबरात घेतल्यास परतीचा पाऊस आणि डाऊनी रोग. ऑक्टोबरात घेतल्यास मणी फुगताना थंडी. फुगवण थांबते, पुढे मणी तडकतात. नोव्हेंबरपर्यंत लांबवल्यास फुलोऱ्यातच थंडी, आणि काढणीला मार्चची गारपीट. चौथा पर्याय नाही. शेजाऱ्याच्या तारखेला नावं ठेवून आपली पक्की करावी.

२. पारा रोज पाहावा. निफाडचा गाजलेला आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतो. गव्हाला थंडी मानवते. म्हणजे एकाच आकड्यावर गहूवालाही हात चोळतो आणि द्राक्षवालाही, कारणं वेगळी.

३. रात्री आभाळ पाहावे. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि चांदण्या मोजता येतील इतक्या ठळक असल्यास झोपू नये. अशा रात्री जमिनीची ऊब थेट वर निघून जाते आणि पानं हवेपेक्षाही गार पडतात. पहाटे बांधाबांधावर शेकोट्या पेटवाव्यात. काडीकचरा किंचित ओला असावा, म्हणजे धूर बागेवर रेंगाळतो. तो घरात शिरल्यास घरच्यांना निर्यातीचे महत्त्व समजावून सांगावे.

४. पहाटेच ठिबक सोडावे. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. कृषिपंपाला वीज रात्रीचीच मिळत असेल, तर ती आपल्या सोयीसाठीच आहे असे समजावे.

५. सकाळी शहरातल्या पाहुण्यांचा फोन येतो : “काय दाजी, मस्त गुलाबी थंडी पडलीय! हुरड्याला कधी बोलावताय?” थॉमसन जातीच्या द्राक्षांचे मणीही थंडीने गुलाबी पडतात आणि व्यापारी ते बाजूला काढतो, हे सांगू नये. “या की,” म्हणावे.

६. एवढं करून बाग वाचलीच, तर शेजाऱ्यांचीही वाचलेली असते. सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव गोठतो. त्यावर शेकोटी चालत नाही.