घर पाहावे बांधून, तेही सापासाठी

सापाला घर बांधून देण्यासाठी लागणारं पहिलं साहित्य म्हणजे मुलगी. ती अकरा वर्षांची, लेस्टरच्या शाळेत जाणारी आणि ‘कुत्रा नको ना? मग साप तरी!’ असा बिनतोड मुद्दा मांडणारी असावी. भारतात हे प्रकरण इथेच मिटतं. देशी साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, एवढं सांगून बाप सुटतो. इंग्लंडात कॉर्न स्नेकला परवाना लागत नाही. मी तपासलं. मोठ्या आशेने तपासलं होतं.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, चार-पाच फुटांपर्यंत वाढणारा. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे मुलगी शिकायला बाहेर पडली की तो तुमचा. आमच्याकडच्याचं नाव बंडोपंत.

आता गणित. पेटी ४ फूट लांब, २ रुंद, २ उंच. तळ, छत आणि पाठ प्रत्येकी ८ चौरस फूट, दोन्ही बाजू मिळून ८. एकूण ३२. प्लायवूडचं अख्खं शीट ८ बाय ४, म्हणजे तेही बरोब्बर ३२! समोर काच. हा हिशेब जुळला त्या रात्री मी स्वतःला थेट विश्वकर्म्याच्या कुळातला समजत होतो. सकाळी कळलं की करवतही जेवते, दर कापाला दोन-तीन मिलिमीटर. शिवाय आतला लाकडाचा भुसा बाहेर सांडू नये म्हणून काचेखाली चार इंचांची पट्टी लागते, ती हिशेबात नव्हतीच. तेव्हा दोन शीट आणा. उरलेल्या प्लायचं बायको फडताळ मागेल. ऐकू आलं नाही असं दाखवा.

देवदारासारखं घमघमणारं लाकूड देवघराला उत्तम, सापाला घातक. त्यातली तेलं त्याला बाधतात. व्हार्निश पाण्यात मिसळणारं घ्या आणि वास पुरता जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा. साप जिभेने वास घेतो आणि तक्रार करत नाही, हे लक्षात असू द्या.

मुहूर्त मात्र पाहा. मी करवत उचलली ती नेमकी नागपंचमीला. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईने ती हातातून काढून घेतली. ‘आज चिरायचं-कापायचं नसतं. तेही त्याच्याच घरासाठी?’ मग तिने बंडोपंतासाठी दुधाची वाटी मागितली. साप दूध पीत नाही आणि फ्रीझरमध्ये मोदकांशेजारी त्याचं जेवण म्हणून गोठवलेले उंदीर आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगू नयेत. मी सांगितल्या.

जोडणीत गुण्या लावून कोपरे काटकोनात आणा, कारण डोकं शिरेल तिथून उरलेला साप शिरतोच. मी तळाची प्रत्येक सांधी सिलिकॉनने बुजवली. बंडोपंत सरकत्या काचांमधून गेला. दोन काचा एकमेकींवर येतात तिथे जी बारीक फट राहते, ती मला दोष वाटली नव्हती. त्याला दरवाजा वाटला. चौथ्या दिवशी तो फ्रिजमागे सापडला. सापडला तो आईला. तिने आरडाओरडा केला नाही, फक्त माझं पूर्ण नाव घेतलं. तेव्हा फटीत पट्टी आणि बाहेरून कुलूप, हे साप आणण्याआधीच लावा.

उष्णतेच्या दिव्याला जाळीचा पिंजरा हवाच. साप तापल्या दिव्याला खुशाल विळखा घालतो आणि भाजतो. थर्मोस्टॅटशिवाय दिवा लावणारा माणूस सापाला घर नव्हे, तंदूर देतो. एका टोकाला ३० अंश, दुसऱ्याला २३, म्हणजे त्याला हवं तिथे जाऊन बसता येतं. दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा द्या. मी नारळाची करवंटी आणि कोरलेलं खोड आणलं. बंडोपंत टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीत राहतो. हवेसाठी गार टोकाला खाली आणि उबदार टोकाला वर जाळी बसवा.

ही वरची जाळी नीट जागा पाहून बसवा. ऑक्टोबर लागलाय, गॅसच्या बिलाच्या धास्तीने आम्ही घर १८ अंशांवर ठेवलंय आणि त्या जाळीतून छान ऊब येते. आईने खुर्ची तिथेच सरकवली आहे. जपमाळ तिथे, चहा तिथे. काल हळूच म्हणाली, ‘अरे, त्या दुसऱ्या शीटमधलं काही उरलंय का?’