प्रथम पाठाची पूर्वसिद्धता : छात्राध्यापकांसाठी शास्त्रोक्त विवेचन

अध्यापनाच्या अनेक व्याख्या शिक्षणशास्त्रात प्रचलित असल्या, तरी छात्राध्यापकाला, म्हणजे बी.एड. अथवा डी.एल.एड.चे शिक्षण घेत असतानाच शाळेतल्या खऱ्याखुऱ्या वर्गापुढे उभे राहण्याची पाळी ज्याच्यावर येते त्या उमेदवाराला, त्यांपैकी एकच व्याख्या उपयोगी पडते : शेवटच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकाच्या हातून अनुकूल शेरा लिहवून घेण्याची क्रिया म्हणजे अध्यापन होय. ही व्याख्या एकदा मनात ठसली की पुढील सर्व विधी सुबोध होतात. प्रस्तुत विवेचनात प्राथमिक गणितातील ‘अपूर्णांक’ हा घटक उदाहरणादाखल घेतला आहे, कारण तो सोपा आहे असा समज सर्वत्र आढळतो, आणि ज्यांनी तो कधीच शिकवलेला नाही त्यांच्यात तर तो विशेष दृढ असतो.

पूर्वसिद्धतेचा आरंभ पाठ टाचणाने होतो. पाठ टाचण म्हणजे उद्या वर्गात काय घडणार आहे याचा आदल्या रात्री लिहून काढलेला वृत्तान्त. त्यात आशय, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन असे रकाने असतात आणि त्यांपैकी विद्यार्थीकृतीचा रकाना अभ्यासकाने अवश्य पाहावा असा असतो. ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’, ‘विद्यार्थी निरीक्षण करतात’, ‘विद्यार्थी उत्तर देतात : चार’ अशी विधाने तेथे साध्या वर्तमानकाळात केलेली असतात. ज्या मुलांना छात्राध्यापकाने अद्याप पाहिलेलेही नाही, त्यांच्या तोंडची उत्तरे इतक्या निःशंकपणे लिहिली जातात की पावसाच्या बाबतीत पंचांगकर्त्यांनाही एवढा ठामपणा दाखवण्याचे धैर्य झालेले नाही.

टाचणाच्या शिरोभागी उद्दिष्टे लिहावी लागतात. यांचे मूळ बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात आहे. महाविद्यालयीन परीक्षकांना आपापले प्रश्न नीट लावून परस्परांना देता यावेत, या व्यावहारिक गरजेतून ते वर्गीकरण निघाले. पुढे ते अध्यापनाच्या नियोजनात शिरले आणि तेथेच स्थायिक झाले. उद्दिष्टांखाली स्पष्टीकरणे, म्हणजे उद्दिष्ट साध्य झाल्याची डोळ्यांना दिसतील अशी चिन्हे, नोंदवायची असतात. येथे ‘विद्यार्थ्याला अपूर्णांक समजतो’ असे लिहिणे अक्षम्य मानले जाते, कारण समजणे दिसत नाही. ‘विद्यार्थी अपूर्णांकाची व्याख्या सांगतो’ असे लिहावे, कारण सांगणे ऐकू येते. व्याख्या सांगणाऱ्याला ती समजलेली असतेच असे नाही, ही शंका प्रशिक्षणकाळात उपस्थित करू नये.

टाचण स्वतः रचावे की मागील तुकडीच्या वहीतून उतरवावे, याविषयी ग्रंथांत मौन असले तरी परंपरा स्पष्ट आहे. ही हस्तलिखित परंपरा अनेक पिढ्यांची असून प्रत्येक पिढीने तीत स्वतःच्या अशुद्धलेखनाची भर घातलेली असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद ताडून पाहिले, त्याच पद्धतीने एखाद्या अध्यापक महाविद्यालयातील टाचणवह्यांचा वंशवृक्ष सहज काढता येईल. नक्कल करताना दिनांक, वर्ग आणि शाळेचे नाव एवढे बदलण्याची दक्षता घेतली, की ग्रंथकर्तृत्व सिद्ध झाले असे समजावे.

यानंतर सूक्ष्म अध्यापन. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६०च्या दशकात विकसित झालेल्या या तंत्रात एका वेळी एकच कौशल्य अगदी थोड्या वेळात सरावासाठी घेतले जाते. आपल्याकडे रूढ झालेल्या चक्रात सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण म्हणजे गुणदोषांची चर्चा, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनरध्यापन आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण अशी एकूण ३६ मिनिटे लागतात. विद्यार्थ्यांच्या भूमिकेत सहाध्यायीच असतात. ही पदवीधर बालके हात वर करून बोलतात, अपेक्षित तेच उत्तर देतात आणि कोणीही पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागत नाही. कारण अर्ध्या तासाने त्यांनाही तेथेच उभे राहायचे असते. प्रबलन कौशल्यात, म्हणजे योग्य प्रतिसादाला प्रोत्साहन देण्याच्या कौशल्यात, किती वेळा ‘शाब्बास’ म्हटले याच्या रेघा ओढून मोजदाद होते, म्हणून ‘शाब्बास’ सढळ हाताने वाटावे.

शैक्षणिक साधनांत तक्ता, गुंडाळी फळा आणि रंगीत खडू यांचा समावेश होतो. भाकरीचे चित्र असलेला तक्ता उत्तम होय. मात्र तक्ता टांगायचा खिळा भिंतीत आहे किंवा नाही, हे आदल्या दिवशी शाळेत जाऊन पाहून यावे. संपूर्ण पूर्वसिद्धतेत पूर्णपणे विश्वासार्ह असा हा एकच सल्ला आहे. खिळा नसल्यास दोन उंच मुलांना तक्ता धरून उभे करावे लागते आणि त्या दोघांचा अपूर्णांक कायमचा राहतो.

पाठाची प्रस्तावना हा सर्वांत नाजूक भाग. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंचपदीतील ही पहिली पायरी. हर्बार्ट यांनी चारच पायऱ्या सांगितल्या होत्या, पाचवी त्यांच्या अनुयायांनी घडवली. पूर्वज्ञानावर आधारित प्रश्नांची साखळी गुंफून मुलांना ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यायचे असते, आणि शेवटचा प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर कोणालाही येऊ नये, म्हणजे लगेच हेतुकथन, अर्थात ‘आज आपण अमुक शिकणार आहोत’ ही घोषणा, करता येते. सकाळी काय खाल्ले, भाकरी कशी असते, चौघांत वाटायची तर काय कराल, आणि त्या एका भागाला गणितात काय म्हणाल, अशी ही साखळी. परंतु सरावासाठी नेमलेल्या शाळेतील मुलांनी हाच घटक यापूर्वी अनेक छात्राध्यापकांकडून ऐकलेला असतो. त्यामुळे भाकरीचा तक्ता उलगडताच मागून ‘अपूर्णांक!’ अशी आरोळी येते आणि तीन प्रश्न वाया जातात. अशा वेळी आरोळी ऐकलीच नाही असे दाखवून साखळी पूर्ण करावी.

मध्यंतरी एक अडचण संभवते, तिचा उल्लेख मार्गदर्शक पुस्तकांत क्वचितच आढळतो. ‘एक छेद चार आणि एक छेद आठ यांत मोठा कोणता?’ या प्रश्नाला टाचणात ‘विद्यार्थी उत्तर देतात : एक छेद चार’ असे लिहिलेले असताना, समोरून ‘एक छेद आठ’ असे उत्तर येते आणि अर्धा वर्ग माना डोलावतो. कारण विचारल्यास मूल सांगते की चारापेक्षा आठ मोठे. ते मूल बेसावध नाही. पूर्ण संख्या त्याला ठाऊक आहेत आणि त्यांच्याच आधाराने ते अपूर्णांकांकडे गेले आहे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे हे सूत्र त्या तासिकेत कोणी तंतोतंत पाळले असेल तर ते त्यानेच. भाकरीचे चारऐवजी आठ वाटेकरी झाले तर आपल्या वाट्याचे काय होईल, एवढे त्यालाच विचारले असते तर पुढचा पाठ त्यानेच घेतला असता. पण टाचणात या संवादाला जागा नाही आणि तासिका ३५ मिनिटांची आहे. म्हणून शास्त्रसंमत मार्ग असा, की ‘आणखी कोण सांगेल?’ असे म्हणून प्रश्न फिरवत राहावे, अपेक्षित उत्तर हाती येताच ‘शाब्बास’ म्हणावे, ते फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहावे आणि घंटेच्या आत गृहपाठ सांगावा. निरीक्षकाचा शेरा बहुधा ‘फलकलेखन चांगले, आवाजात चढउतार हवेत’ असा येतो. पहिले उत्तर देणारे मूल एक छेद आठ मोठा मानूनच घरी जाते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी वीस आठवडे ठरले, त्यामुळे वरील विधींना आता भरपूर अवकाश आहे. एवढ्यावरही ज्या छात्राध्यापकांना अपूर्णांक शिकवूनच यायचा असेल, त्यांनी टाचणाच्या समासात ‘मुले येथे काय चुकतील’ असा आणखी एक रकाना आखावा आणि वर्गशिक्षकांना आधी भेटून तो भरावा. या रकान्याला गुण नाहीत, तेव्हा तो पेन्सिलीने आखलेला बरा.