सुधारणा आवश्यक

प्रगतिपत्रकात तीन रकाने असतात : विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. पालक पहिल्या दोन रकान्यांवरून नजर फिरवतात न फिरवतात तोच तिसऱ्यावर अडकतात. 'गणिती क्रियांत सुधारणा आवश्यक' एवढं वाचलं की पोराची खरी परीक्षा घरी सुरू होते, आणि ती कुठल्याही शासन निर्णयात बसत नाही.

2010 साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मूल तीन तासांच्या पेपरात न मापता वर्षभर बघायचं. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय अशा आठ साधनांनी. पहिली-दुसरीला तर शंभरातले सत्तर गुण या आकारिक भागाला. कल्पना उत्तमच, आमच्या लहानपणी आली असती तर किती छड्या वाचल्या असत्या! पण प्रत्येक मुलाची, प्रत्येक विषयाची, प्रत्येक सत्राची नोंद लिहायची म्हणजे मास्तरांनी बघायचं कधी? मग बाजार मदतीला धावला. तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका निघाल्या. 'कविता तालासुरात म्हणतो', 'परिसर स्वच्छ ठेवतो', घ्या आणि उतरवा. घाईत कधी एखादी मुलगीही वर्षभर कविता 'म्हणतो'च.

आता वडगाव रासाईचं बघा. गाव भीमेकाठचं, अलीकडे शिरूर, नदीपलीकडे दौंड, आणि सगळीकडे ऊस. इथल्या तिसरीतल्या एखाद्या पोराची कल्पना करा. थ्री फेज लाइट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे त्याला तोंडपाठ. ट्रॉलीत किती टन बसला, ऊसतोड टोळीनं उचल किती घेतली, फिटली किती, हा हिशेब तो घरच्यांच्या बोलण्यातून उचलतो. बिबट्याच्या भीतीनं उसाच्या कडेनं चौघांनी मिळून, मोठ्यानं बोलत शाळेला यायचं, हेही त्याला कळतं. त्याची नोंद मात्र पुस्तिकेतली : 'परिसरातील प्राण्यांची माहिती सांगतो.' सांगतो तर! बिबट्याचा पाय किती बोटांचा उमटतो तेही सांगेल, पण विचारणार कोण?

मूल्यमापनासाठी पैसा नाही असं आता म्हणता येत नाही. 2020 मध्ये केंद्रानं 'स्टार्स' प्रकल्प मंजूर केला : 5,718 कोटी रुपये, त्यात जागतिक बँकेचे 50 कोटी डॉलर, राज्यं सहा, आणि त्यांत महाराष्ट्र. मूल्यमापन सुधारणं हे त्याचं मोठं काम; राष्ट्रीय पातळीवर 'परख' ही मूल्यमापन संस्था त्यातूनच उभी राहिली. आपल्याकडे 2023-24 पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या, भाषा, गणित आणि इंग्रजीच्या. वॉशिंग्टनहून निघालेला डॉलर खेड्यातल्या शाळेत पोचतो तो प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याच्या रूपानं. पेपर तपासले की गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटमध्ये भरायचे, आणि रेंज व्हरांड्याच्या कुठल्या खांबाशी मिळते याचं संशोधन शिक्षकांनी आपापलं करायचं.

चाचण्यांना मी नावं ठेवणार नाही. पूर्वीच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून जिल्हा कळायचा, मूल कळत नसे. आता कोणाला वाचता येत नाही हे नावानिशी दिसतं. पण दिसल्यावर त्या मुलाला शेजारी बसवून वाचून घ्यायला जो वेळ लागतो, तो नेमका गुण भरण्यात गेलेला असतो. कारखान्याच्या काट्यावर दहादा वजन केलं म्हणून ट्रॉलीतला ऊस वाढत नाही, हे वडगावात कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

पालक सभेत एखादी आई अ-1, ब-2 या श्रेणी शांतपणे ऐकून घेते आणि शेवटी विचारते, "ते ऱ्हाऊ द्या गुरुजी, पोरगं कितवं आलं?" गुरुजी सांगतात, आता नंबर नसतो, ताई. तिला ते पटत नाही. तरीही त्यांनी पुस्तिका मिटून तिला सांगून बघावं, की तुमचा पोरगा ट्रॉल्यांचा हिशेब माझ्यापेक्षा लवकर करतो, फक्त कागदावर मांडायला अडतो. एवढं वाक्य सुचायला आठवड्यातला एखादा मोकळा तास लागतो. पुढच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तेवढा धरावा; त्यासाठी डॉलरमध्ये कर्ज काढायची गरज नाही.